लादी न तोडता केलेले हॅम चीज स्लायडर्स, पन्नासेक माणसांसाठी : माझा अनुभव

पोराच्या फुटबॉल टीमचा सीझन संपला आणि सगळी पोरं, त्यांचे आईबाबा, कोच असे पन्नासेक जण आमच्या गच्चीवर जमणार होते. कोल्हापुरात अशा वेळी एकतर मिसळ नाहीतर तांबडा-पांढरा, पण पोरांनी कुठल्यातरी व्हिडिओत ते बेक केलेले हॅम चीज स्लायडर्स, म्हणजे छोट्या पावांची सँडविचं, बघितले होते आणि तेच पाहिजेत म्हणून हटून बसली. मला पण हा प्रकार लय पटला, कारण एकेक सँडविच हातात घेऊन भरत बसायचं नसतं. पावाची अख्खी लादी आडवी कापायची, मध्ये भरायचं, वरचा भाग परत ठेवायचा, भाजायचं आणि अगदी शेवटी तुकडे करायचे.

अमेरिकेत ह्याला हवाईयन रोल घेतात, गोडसर, मऊ, एकमेकांना चिकटलेले. हवाईत तो गोड पाव पोर्तुगीज लोकांनी नेला आणि आपल्याकडं पाव आणला तोही त्यांनीच, त्यामुळं लादी पाव ह्यात अगदी चपखल बसतो. फक्त बेकरीत आदल्या दिवशीच सांगून ठेवायचं की लादी तोडू नका, आणि आदल्या दिवशीचाच पाव घ्यायचा. गरम ताजा पाव कापताना फाटतो, जरा बसलेला पाव दातेरी सुरीनं सरळ कापला जातो.

हॅम म्हणजे मुळात डुकराच्या मांडीचं मांस, मीठ लावून मुरवलेलं. आमच्या टीमात मुस्लिम पोरं आहेत आणि बाकीच्या घरांतही ते कोण खात नाही, म्हणून पाकिटावर हलालचा शिक्का बघून चिकन हॅम आणलं. ते फ्रोझन मिळतं, आदल्या रात्री फ्रीजरमधून खालच्या कप्प्यात ठेवायचं, ओट्यावर ठेवून वितळवायचं नाही. आणि माझ्या मते ह्या सगळ्या पदार्थात एकच गोष्ट जपायची असते ती म्हणजे पाणी. हॅम सुटं केलं की त्याला ओल असते, ती टिश्यूनं नीट टिपून घ्यायची, आणि लादीचा खालचा भाग कापलेली बाजू वर करून पाचेक मिनिटं नुसताच भाजून घ्यायचा. एवढं केलं की खालचा पाव गिच्च होत नाही. मग खाली चीज, वर हॅम, परत चीज, म्हणजे दोन्हीकडचा पाव चीजलाच चिकटतो आणि कापताना हॅम घसरत नाही.

चीज मूळ रेसिपीत स्विस असतं. मी साधे प्रोसेस्ड स्लाइस वापरले, त्यात इमल्सिफायर असतात त्यामुळं ते एकसारखं वितळतं, तेल सुटत नाही. मोझरेला मुद्दाम टाळलं. गर्दीत कोण लगेच खातो, कोण अर्ध्या तासानं, आणि गार झालेलं मोझरेला रबरासारखं लागतं.

वरून ओतायचं लोणी हा ह्यातला खरा जीव. १२ पावांना साधारण ३०० ग्रॅम हॅम आणि १०० ग्रॅम बटर धरलं, बटरमध्ये एक मोठा चमचा मस्टर्ड, एक चमचा वूस्टरशायर सॉस, अगदी बारीक कांदा आणि एक छोटा चमचा खसखस. तिकडं ब्राउन शुगर घालतात, मी आपला कोल्हापुरी गूळ किसून घातला आणि त्या खारट हॅमवर तो इतका सुंदर लागला की मी साखर परत घालणारच नाही. खसखस तिकडची काळपट निळी असते, आपली पांढरी, पण पांढऱ्या रश्शासाठी ती घरात असतेच. बटर खारं असलं तर वेगळं मीठ नको. आणि हे भाजायच्या अगदी आधी ओतायचं, भरलेल्या लाद्या झाकून सकाळपासून फ्रीजमध्ये राहिल्या तरी चालतं.

व्हेज लोकांसाठी एक ट्रे भाजलेल्या ढोबळी मिरचीचा आणि पनीरचा केला, सुरी वेगळी, ब्रश वेगळा, आणि त्यात वूस्टरशायर नाही, कारण अस्सल सॉसमध्ये अँकोव्ही म्हणजे मासळी असते. हे बऱ्याच जणांच्या ध्यानात येत नाही.

घरच्या ओव्हनमध्ये एका वेळी एकच लादी बसते, १७५ डिग्रीला फॉइल झाकून पंधरा-वीस मिनिटं आणि फॉइल काढून अजून पाच-सात. पन्नास माणसांना हे जमणार नव्हतं. मग दिवाळीत नानकटाई भाजायला नेतो तसे ट्रे घेऊन गल्लीतल्या बेकरीत गेले. दुपारी पाव निघून गेल्यावर भट्टी जरा उतरलेली असते तेव्हा बोलावलं होतं. बेकरीवाल्या मामांनी चिमूटभर मैदा आत टाकला, तो किती वेळात तांबूस होतोय ते बघितलं आणि म्हणाले, "थांबा वैनी, अजून धग हाय, चीज जळंल." थोड्या वेळानं ट्रे आत गेले, फॉइल कधी काढायची ते पण त्यांनीच सांगितलं. असा अंदाज थर्मामीटरला नसतो, मला त्यांचं फार कौतुक वाटलं.

घरी आणताना ट्रे फॉइलसकट जाड टॉवेलात गुंडाळून थर्माकोलच्या बॉक्समध्ये ठेवले. गच्चीवर नेऊनच कापले, आधी कापले तर चीज वाहून जातं.

शेजारच्या काकू आधीपासून म्हणत होत्या, "अगं नुसत्या पावानं पोट भरतंय व्हय?" आणि त्या पातेलंभर पांढरा रस्सा घेऊनच आल्या. मला ते बरंच वाटलं, कारण गोडसर खारट स्लायडर आणि कपातनं गरम रस्सा हे इतकं जमलं की पुढच्या वेळी मी दोन्ही एकत्रच ठेवणार. पोरांनी तर स्लायडर रश्शात बुडवूनच खाल्ले.

उरलेले दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये टाकायचे. दुसऱ्या दिवशी मायक्रोवेव्हमध्ये नको, पाव चिवट होतो. तव्यावर मंद गॅस, वर झाकण, आतपर्यंत चांगलं गरम होऊ द्यायचं, खालून कुरकुरीत होतात आणि चीज परत सुटतं.