दोन बागा पुरतात

मोठ्या शहरात एक निवांत दिवस बागांमध्ये घालवायचा ठरला की पहिली चूक यादी करतानाच होते. नकाशावर सात-आठ हिरवे ठिपके दिसतात, त्यांतले पाच निवडले जातात, आणि मग दिवस बागेत कमी आणि बस-मेट्रोत जास्त जातो. दोन बागा घ्या. तिसरी हाताशी ठेवा, पण ती राहिली तर हळहळू नका. रस्त्यावर माणूस ताशी चार-पाच किलोमीटर चालतो; बागेत रेंगाळत, पाट्या वाचत, बसत-उठत त्याचे दोनही होत नाहीत. चाळीसेक एकरांच्या बागेत अडीच-तीन तास कसे गेले ते कळत नाही. दोन बागांमधला प्रवास अर्ध्या तासाच्या आत हवा, नाहीतर सकाळची कमाई वाटेतल्या हॉर्नमध्येच खर्च होते.

नकाशावरचा हिरवा रंग फसवतो. तो गोल्फचं मैदान असू शकतो किंवा एखाद्या संस्थेचं बंद आवार. उपग्रहाचं चित्र उघडून आत पायवाटा आणि बाक दिसतात का, ते आधी बघावं. दुसरी फसवणूक फाटकाची. बागेचं नुसतं नाव टाकलं तर नकाशा कधीकधी जवळच्या कुंपणापाशी आणून सोडतो आणि फाटक असतं पार पलीकडच्या बाजूला. म्हणून फाटकाचंच नाव टाकून शोधा. साप्ताहिक सुट्टीही बघून ठेवा. काचघर बहुतेक ठिकाणी बागेच्या आधी बंद होतं, ते मात्र कुणीच बघत नाही.

सकाळची बाग पाण्याची असावी. कमळ पहाटे उमलतं आणि दुपारपर्यंत मिटायला लागतं, त्यामुळे तळं शेवटी ठेवलं तर नुसती पानं बघून परतावं लागतं. गुलाबाचा वासही ऊन चढायच्या आत घ्यावा, कडक उन्हात तो उडून जातो. सकाळची अडचण एकच, गवत ओलं असतं. दव नसलं तरी तुषारांनी पाणी देण्याची वेळ बहुधा हीच. सतरंजीखाली प्लास्टिकचा एक थर हवा.

दुपार मोठ्या, जुन्या झाडांखाली काढायची. छत्रीची सावली फक्त ऊन अडवते. झाड पानांतून पाण्याची वाफ सोडतं आणि त्यात आजूबाजूची उष्णता खर्च होते. पण जागा दिशा बघून धरा. दुपारनंतर सावली पूर्वेकडे सरकते, म्हणून बुंध्याच्या पूर्वेला बसलं की ती आपणहून तुमच्याकडे येते. पश्चिमेला बसलात तर दर वीस मिनिटांनी सतरंजी ओढत बसा. सतरंजी पसरण्याआधी दोनदा बघायचं: वर वाळकी फांदी आहे का, आणि खाली मुंग्यांची रांग जाते का.

आता आवाज. दिवस निवांत जाणार की नाही, ते फुलांपेक्षा यावर जास्त ठरतं. सतत वाहता रस्ता असेल तर त्यापासूनचं अंतर दुप्पट केल्यावर आवाज साधारण ३ डेसिबलने उतरतो, म्हणजे कानाला जेमतेम कळेल इतकाच. तो निम्मा वाटायला सुमारे १० डेसिबलचा फरक लागतो. म्हणजे रस्त्यापासून २० मीटरवर बसला असाल तर ४० मीटरवर जाऊन काही साधत नाही, दोनशेच्या आसपास जायला हवं. मधल्या झाडांच्या एक-दोन रांगांवर भिस्त ठेवू नका. त्या गाड्या डोळ्यांआड करतात, आवाज फारसा अडवत नाहीत. मातीचा उंचवटा मात्र अडवतो. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कची आखणी १८५८ साली ओल्मस्टेड आणि व्हॉक्स यांनी केली, तेव्हा बाग आडवी ओलांडणारे चार रस्ते त्यांनी जमिनीच्या पातळीखाली उतरवले. आजही तिथे वरून चालताना खालची वाहतूक फारशी जाणवत नाही. जागाच नसेल तर दुसरा उपाय पाण्याचा. त्याच शहरात १९६७ साली झालेलं पेली पार्क म्हणजे दोन इमारतींमधला छोटासा तुकडा. पण मागच्या भिंतीवरून २० फुटांचा धबधबा पडतो आणि रस्ता त्यात बुडून जातो. तेव्हा बाक निवडताना मिनिटभर डोळे मिटून उभं राहा. एकेक हॉर्न वेगळा ऐकू येत असेल तर पुढे चला: उंचवट्यामागे, सखल भागात, नाहीतर कारंज्यापासून पाच-सहा मीटरवर. पाठीशी झुडपं आणि समोर मोकळं, असा बाक मिळाला तर तो सोडू नये. मागून कोण येतंय याची धास्ती राहत नाही. एवढं करूनही गवत कापायचं यंत्र सुरू झालंच तर चिडण्यात अर्थ नाही. बागेच्या दुसऱ्या टोकाला जा.

वनस्पती उद्यानात गेलात तर झाडाच्या पाटीपाशी दोन मिनिटं थांबा. पहिला शब्द प्रजातीचा, दुसरा जातीचा. ही दोन शब्दांची पद्धत वनस्पतींसाठी स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने १७५३ साली पक्की केली. मधे गुणाकाराची फुली असेल तर ते झाड संकरित. एकेरी अवतरणातलं नाव माणसाने निवडून जोपासलेल्या वाणाचं. कोपऱ्यातला आकडा ही झाडाची नोंदणी, आणि बऱ्याच बागांत त्याचे पहिले अंक ते झाड बागेत कधी आलं ते साल सांगतात. मुलं बरोबर असतील तर सर्वांत जुना आकडा शोधायला लावा, तासभर तक्रार येत नाही.

काचघरात शिरताच चष्मा धुकटतो, कारण काच आतल्या दमट हवेपेक्षा थंड असते. पुसत राहू नका, दोन-तीन मिनिटांत तो आपोआप निवळतो. कॅमेरा मात्र पंधरा-वीस मिनिटं बंद पिशवीतच राहू द्या.

सामान जेवढं थोडं तेवढं बरं. माणशी दीड लिटर पाणी, टोपी, रुळलेले बूट (नवे नकोतच), कचऱ्यासाठी एक पिशवी. संध्याकाळी पाण्याकाठी बसायचं तर पूर्ण बाह्यांचा शर्ट, कारण डास सूर्यास्ताची वाटच बघत असतात. आणि बाग बंद व्हायच्या अर्धा तास आधी उठा. आडबाजूची फाटकं आधी बंद होतात, आणि शिट्टी वाजल्यावर दमल्या पायांनी मुख्य फाटक गाठायला आख्खी बाग पुन्हा ओलांडावी लागते.