सासवण्याची म्हैस

नेरूळहून उरणची लोकल, पुढे रिक्षाने करंजा, मग लाँचने रेवस. रविवारी वडखळ नाक्यावर गाडीत घामाघूम होण्यापेक्षा हा रस्ता मला केव्हाही प्यारा. आण्णा सोबत होते. नेरूळ-सानपाड्यातल्या इमारतींना गिलावा करण्यात त्यांची पस्तीस वर्षं गेली, म्हणूनच त्यांना मी अलिबागजवळच्या सासवण्याला, शिल्पकार करमरकरांचं घर दाखवायला नेलं.

रेवसहून सासवण्यापर्यंत रिसॉर्टच्या पाट्याच पाट्या. शिल्पकार करमरकरांचं घर म्हणून रिक्षावाल्याला दोनदा सांगावं लागलं, त्याचं फार वाईट वाटलं. पुण्याचा अश्वारूढ शिवपुतळा याच गावच्या माणसाने घडवला. साडेतेरा फूट उंच, एकसंध ओतलेला, 1928 सालचा. विनायक पांडुरंग करमरकर 1891 मध्ये इथे जन्मले. लहानपणी त्यांनी गावातल्या देवळाच्या भिंतीवर काढलेलं शिवाजी महाराजांचं चित्र कलेक्टर ऑटो रॉथफील्ड यांनी पाहिलं आणि मुलाला मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत धाडलं. पुढे कलकत्ता, लंडन. पण घर, बाग आणि इतकी शिल्पं राहिली ती सासवण्यातच.

आत पुतळेच पुतळे. मी भराभर बघत पुढे गेले. मागे वळले तर आण्णा नाहीत. ते म्हशीपाशी उकिडवे बसले होते.

"हे सिमेंट आहे," ते म्हणाले. विचारत नव्हते, सांगत होते.

हात लावायचा नाही हे त्यांना न सांगताच कळलं होतं. तळवा बोटभर अंतरावर धरून मानेच्या वळ्यांवरून ते तो फिरवत होते, रंधा फिरवतात तसा. "माल कालवला की तासाभराच्या आत हात उरकावा लागतो. मग तो ऐकत नाही. सपाट भिंतीवर आमची धांदल उडायची. यांनी कातडं केलंय. बघ, इथं सैल आहे, इथं हाडावर ताणलंय."

मी पाहिलं. खरंच, खांद्यापाशी कातडी ताणलेली होती आणि गळ्याखाली लोंबत होती. मी नुसती 'किती हुबेहूब' म्हणून पुढे गेले होते.

तिथे आम्ही अडीच तास होतो. जेवण राहिलं, समुद्र पाहिलाच नाही. तुम्ही गेलात तर किनाऱ्याच्या आधी इथे जा, आणि घरात कुणी गवंडी, सुतार असेल तर त्याला नक्की न्या. शाळेच्या सहलीत मला यातलं काही दिसलं नव्हतं.

परतीच्या लाँचमध्ये आण्णा बराच वेळ गप्प होते. करंजाचा धक्का दिसू लागला तेव्हा म्हणाले, "मिस्त्री कधी गेले?"

"1967."

"मी सात वर्षांचा होतो," ते म्हणाले. "पूर्ण नाव सांग परत."

मी सांगितलं. इंजिनाच्या आवाजात ऐकू गेलं नाही, म्हणून त्यांच्या कानाशी वाकून पुन्हा सांगितलं.