पार्टी नेमकी कोणाची होती?

रोह्याजवळच्या गावात राहायला येऊन आम्हाला जेमतेम चार महिने झाले होते, आणि जानेवारीतल्या एका शनिवारी शेजारचे काका कुंपणापलीकडून म्हणाले, “रात्री शेतावर या दोघं, पोपटी लावतोय.” मला वाटलं नातवाचा वाढदिवस वगैरे असेल, म्हणून मी गिफ्टचं पाकीट पण घेतलं.

तिथे गेलो तर लाइट नाही, स्पीकर नाही, खुर्च्या नाहीत. भात कापून झाल्यावर तिथेच वाल पेरलेले, शेजारच्या मोकळ्या खाचरात पंधरावीस माणसं शाली गुंडाळून बसलेली आणि मधोमध एक मडकं चक्क उपडं ठेवलेलं, भोवती पेंढा आणि सुकी लाकडं रचलेली. मी सोलापूरकडची, आमच्याकडे हुरडा असतो, आगटीत कणसं भाजताना डोळ्यांसमोर दिसतात, चटणी-गूळ घ्यायचा आणि गरम गरम खायचं. इथे आत काय चाललंय काहीच दिसेना!

काकींना विचारलं तेव्हा कळलं की पोपटी म्हणजे हेच, मडक्यात भाजलेल्या शेंगा: तळाला भांबुर्डी नावाच्या रानटी झाडाचा पाला, त्यावर वालाच्या शेंगा, जाडं मीठ आणि ओवा, मध्ये बटाटे, अंडी, मसाला लावून केळीच्या पानात गुंडाळलेलं चिकन, आणि तोंडाशी परत तोच पाला गच्च दाबून भरायचा. पाणी एक थेंब नाही. मग शिजतं कसं? तर शेंगांचं आणि पाल्याचं स्वतःचं पाणी असतं ना, त्याचीच वाफ, आणि तोंड खाली असलं की वाफ वर जाऊन आतच कोंडते. हे वाल पण भाताच्या मागे जमिनीत राहिलेल्या ओलीवर आणि दवावर वाढतात, वेगळं पाणी देत नाहीत, म्हणजे सगळं काम त्या उरलेल्या ओलाव्यावरच चालतं, मला तर हे फारच सुंदर वाटलं.

अर्ध्याएक तासाने काकांनी मडक्यावर पाण्याचे चार थेंब शिंपडले, चर्र झालं आणि लगेच उडून गेले. “झाली.” बस, घड्याळ नाही काही नाही. मडकं कागदावर उलटलं आणि त्या पाल्याचा जो कडवट उग्र वास सुटला तो अजून माझ्या शालीला आहे, धुवावीशी वाटत नाही. आणि शेंगेतला दाणा इतका गोड लागतो की मी चिकनकडे बघितलंच नाही.

पण माझ्या हातातलं पाकीट तसंच. द्यायचं कोणाला? शेंगा काकांच्या, मडकं पलीकडच्या आजींचं, पाला पोरांनी दुपारी बांधाबांधाने फिरून आणलेला, चिकन वर्गणीतून, पेंढा कोणाचा तर तिसऱ्याचाच. केक नाही, भाषण नाही, या-बसा करणारं कोणी नाही, ज्याला जे दिसेल ते तो करत होता. शेवटी न राहवून मी काकींना विचारलंच, “पण पार्टी कोणाची?”

त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. “कोणाची म्हणजे?” मग जरा विचार करून म्हणाल्या, “पुढच्या शनिवारी परत लावू, अंडी तू आण.”