तुम्ही विचारलंत म्हणून: हार्ड डिस्क कोणती घेऊ?

“फिरतीवर व्हिडिओ एडिट करायचेत, वेगवान आणि खिशात मावेल अशी हार्ड डिस्क सांगा ना.” असं कुणी विचारलं की मी आधी लॅपटॉपचा पोर्ट कोणता ते विचारते.

फिरत्या तबकडीची अडीच इंची डिस्क सेकंदाला साधारण १०० ते १४० मेगाबाइट देते, साटा एसएसडी (एसएसडी म्हणजे फिरते भाग नसलेली, चिपवर साठवणारी डिस्क; साटा ही तिची जुनी जोडणी) ५०० च्या आसपास. एनव्हीएमई, म्हणजे त्याहून वेगवान जोडणीची एसएसडी, सेकंदाला १० गिगाबिटच्या पोर्टवर (८ बिट म्हणजे १ बाइट) १००० मेगाबाइटच्या जवळ जाते, पण तीच ५ गिगाबिटच्या पोर्टला लावली की साडेचारशेच्या आसपास अडकते. खोक्यावर २० गिगाबिट लिहिलेली डिस्कही बऱ्याच लॅपटॉपवर १० नेच चालते, कारण २० गिगाबिटचा खास मोड त्यांच्या पोर्टमध्ये नसतो. तेवढ्यासाठी जास्तीचे पैसे घालू नका.

मग केबल. एकदा नव्या एसएसडीवर शूटिंग उतरवताना वेग ४० मेगाबाइटच्या वर जाईना. डिस्क परत करायला निघाले होते. शेवटी कळलं की मी फोनच्या चार्जरची टाइप-सी केबल लावली होती. तशा बऱ्याच केबल आतून यूएसबी २.०, म्हणजे ४८० मेगाबिटच्या असतात आणि टोकं हुबेहूब सारखीच दिसतात. तेव्हापासून डिस्कसोबत आलेल्या केबलला मी रंगीत चिकटपट्टी लावते.

जाहिरातीतला वेग पहिल्या काही गिगाबाइटचा असतो, हेही पाहाच. एसएसडीचा वेगवान कॅश, म्हणजे आलेला डेटा आधी झेलणारा छोटा भाग, भरला की स्वस्त क्यूएलसी (एकेका पेशीत चार बिट साठवणाऱ्या) डिस्कचा वेग कधीकधी तबकडीच्याही खाली उतरतो. म्हणून घेतल्या घेतल्या एका दमात २०० गिगाबाइट कॉपी करून पाहा. मी स्वतः एम.२ एसएसडी (पट्टीसारखी सुटी मिळणारी) ॲल्युमिनियमच्या एन्क्लोजरमध्ये, म्हणजे यूएसबीला जोडता येणाऱ्या डबीत, बसवून वापरते. लांबलचक कॉपीत ते चांगलंच तापतं, पण उष्णता बाहेर पडते म्हणूनच वेग टिकतो. शिवाय पुढे मोठी एसएसडी घेतली तरी एन्क्लोजर तेच राहतं.

विंडोज आणि मॅक दोन्हीकडे काम असेल तर एक्सफॅट फॉरमॅट करा. मात्र त्यात जर्नलिंग, म्हणजे अर्धवट राहिलेले बदल सावरणारी नोंद, नसतं, त्यामुळे इजेक्ट न करता केबल ओढू नका.

आणि तबकडीची डिस्क टाकाऊ समजू नका. एडिटिंग एसएसडीवर, दुसरी प्रत तबकडीवर, दोन्ही वेगवेगळ्या बॅगांत. दोन्हीकडच्या फाइल उघडून पाहिल्याशिवाय मी कॅमेऱ्याचं कार्ड फॉरमॅट करत नाही.