तुम्ही विचारलंत म्हणून : पाण्याखाली सगळं हिरवं का येतं?

मालवणच्या जेटीवर ओले केस पुसत, हातात मोबाइल धरून माणसं मला एकच प्रश्न विचारतात. "तुमचा व्हिडिओ एवढा छान येतो, मग आमचा का नाही? सेटिंग काय ठेवता?" मोबाइलच्या पडद्यावर त्यांची बायको किंवा मुलगा असतो, शेवाळात बुडवून काढल्यासारखा. कॅमेरा बहुतेक वेळा माझ्या कॅमेऱ्यापेक्षा नवा आणि महागडा. गेल्या हंगामात एक गृहस्थ वैतागून म्हणाले, "पन्नास हजार मोजले, आणि माझी मुलगी हिरवी!" मी तोंड उघडायच्या आधीच आमचे तांडेल, म्हणजे होडी चालवणारे, बोलले, "पाणीच हिरवा असा, कॅमेरो काय करतलो?"

अर्धं उत्तर त्यातच आलं. उरलेलं अर्धं उभ्या उभ्या सांगून होत नाही.

माझ्या डाइव्हच्या जॅकेटला एक लाल झाकण बांधलेलं असतं. लोणच्याच्या बरणीचं, प्लास्टिकचं. ते बघत बघत खाली जायचं. होडीच्या कडेला ते लालभडक असतं. दोन मीटरवर विटेसारखं होतं. चार-पाच मीटरवर आमसुलासारखं. आठ मीटरवर काळं म्हटलं तरी चालेल. मग टॉर्च लावायचा. त्याच खोलीवर, त्याच हातात, झाकण पुन्हा लालभडक! शिकायला येणाऱ्या पोरांना मी हा खेळ आधी दाखवतो आणि मगच कॅमेऱ्याला हात लावू देतो.

पाणी उजेडातला लाल भाग सगळ्यात आधी गिळतं, मग नारिंगी, मग पिवळा. हे बऱ्याच जणांनी कुठेतरी वाचलेलं असतं. पण हिशेब करताना ते फक्त खोली धरतात. उजेड वरून माशापर्यंत येतो, तसा माशावरून परत कॅमेऱ्यापर्यंतही येतो, आणि तेही पाण्यातूनच. पाच मीटर खोलीवर तीन मीटर लांबून शूट केलंत, तर तुमच्या चित्राने आठ मीटर पाणी प्यायलं. तोच मासा अर्ध्या मीटरवरून घेतलात तर साडेपाच. म्हणून सेटिंग विचारणाऱ्याला मी आधी अंतर विचारतो. हात लांब केला तर ज्याला बोट लागेल, त्याचंच चित्र चांगलं येतं. (बोट लावायचं नाही. प्रवाळाला नाही आणि दगड किंवा फूल वाटेल अशा गोष्टीला तर मुळीच नाही.)

आता व्हाइट बॅलन्स. हा शब्द आला की लोकांना वाटतं, रंग परत आणणारं बटण सापडलं. कॅमेरा तिथे करतो काय, तर लाल, हिरवा, निळा या तिघांपैकी जो कमी पडलाय त्याला गुणून मोठा करतो. लाल थोडा तरी आला असेल तर तो वाढतो. आलाच नसेल तर वाढवायला आहे काय? पूर्वी रेडिओ केंद्र नीट लागत नसताना आवाज मोठा केला की गाण्याबरोबर खरखरही वाढायची. तसंच इथे लालच्या नावाखाली चित्रात दाणे येतात, चेहऱ्यावर जांभळट डाग पडतात. सहा-सात मीटरच्या खाली, बिनटॉर्चचं, लांबून घेतलेलं चित्र कोणत्याच सेटिंगने सुधारत नाही.

त्यात आपलं पाणी हिरवं. अंदमान-लक्षद्वीपचे व्हिडिओ बघून आलेल्यांना ते घाण वाटतं, आणि मला राग येतो. कर्ली नदी देवबागला समुद्राला मिळते, खाड्या गाळ आणि खतपाणी आणतात, त्यावर सूक्ष्म वनस्पती माजतात. त्यांच्यातलं हरितद्रव्य निळा आणि लाल उजेड खातं आणि हिरवा सोडून देतं. तारले आणि बांगडे याच हिरव्यावर जगतात, आणि संध्याकाळी तुमच्या ताटात येतात. विजयदुर्गपासून शंभरेक किलोमीटर आत समुद्रात आंग्रिया बँक हे पाण्याखालचं प्रवाळाचं पठार आहे. तिथलं पाणी निळं आणि नितळ, कारण किनारा लांब. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास मात्र चार-पाच मीटरपर्यंतचं दिसलं की आम्ही खूश.

पाणी निळं की हिरवं, यावर सेटिंग बदलते. बहुतेक ॲक्शन कॅमेऱ्यांत व्हाइट बॅलन्सला एकच आकडा असतो, केल्व्हिनचा. गोप्रोमध्ये तो २३०० ते ६५०० पर्यंत बांधून ठेवता येतो. आकडा वाढवला की चित्र पिवळट-तांबूस होतं, कमी केला की निळं. म्हणजे हा आकडा निळ्या-पिवळ्याच्या रस्त्यावरच ये-जा करतो. हिरवा उतरवायचा तर दुसरा रस्ता लागतो, हिरव्याकडून गुलाबी-जांभळ्याकडे जाणारा, आणि त्याचं बटण ॲक्शन कॅमेऱ्यात सहसा नसतंच. म्हणून मालवणात कुणी नुसता आकडा ६५०० वर नेला की हिरव्या मुलीची पोपटी मुलगी होते.

तरीही मी आकडा बांधूनच ठेवतो. तीन मीटरपर्यंत ५५००, त्याखाली ६५००. ऑटोवर ठेवलं तर पिवळेधमक मासे समोर आले की कॅमेरा एक ठरवतो, काळ्या सूटमधला माणूस आला की दुसरं, आणि एकाच क्लिपमध्ये पाण्याचा रंग बेडकाच्या गळ्यासारखा वर-खाली होत राहतो. सगळी क्लिप सारखीच चुकीची असेल तर घरी बसून दुरुस्त करता येते. दर पाच सेकंदांनी वेगळी चुकलेली क्लिप सुधारताना माणूस रडतो. अलीकडचे काही कॅमेरे ऑटोवरही पाण्यात बरं काम करतात, हे खरं. तुमचा त्यातला असेल तर एक डाइव्ह ऑटोवर, एक बांधून, असं करून बघा आणि तुमचं तुम्ही ठरवा.

फिल्टरचंही हेच. ऑनलाइन मिळणारा लाल फिल्टर निळ्या समुद्रासाठी असतो. आपल्याकडे मॅजेंटा, म्हणजे राणी रंगाचा लागतो. फिल्टर लाल रंग तयार करत नाही. तो हिरवा अडवतो, म्हणजे एकूण उजेडच कमी होतो. आधीच ढगाळ दिवस, गढूळ पाणी, त्यात काचेवर फिल्टर म्हणजे अंधाऱ्या खोलीत गॉगल. चांगलं ऊन, तीन ते सहा मीटर, टॉर्च बंद, एवढं जमलं तरच तो लावावा. मी स्वतः एकदा लावलेला काढायला विसरलो. साताऱ्याचं एक अख्खं कुटुंब दीड मीटर पाण्यात, आजोबांसकट, व्हिडिओत रंगपंचमी खेळून आल्यासारखं दिसत होतं. त्यांना तो आवडला, पण पैसे मी घेतले नाहीत.

बाकीची सेटिंग भराभर सांगतो. फोर-के, सेकंदाला ३० फ्रेम. ६० फक्त मासे संथ दाखवायचे असतील तरच. आयएसओ, म्हणजे कॅमेरा उजेड किती वाढवून घेतो ते, कमीत कमी १००, जास्तीत जास्त ४००, फारच गढूळ असेल तर ८००. एक्स्पोजर उणे अर्धा, कारण वरचा सूर्य चौकटीत आला की सगळं पांढरं फटक पडतं. बिट रेट, म्हणजे सेकंदाला किती माहिती साठवायची ते, सगळ्यात जास्त. रंग फ्लॅट किंवा नॅचरल, आणि १०-बिट (रंगांच्या जास्त छटा) असेल तर सुरू. शार्पनेस कमी. लोक तो वाढवून ठेवतात आणि मग गाळाचा कण न् कण सुईसारखा टोचतो. तसेच ठिपके पाव टाकून मासे गोळा केले की येतात. तुमच्या व्हिडिओतला तो बर्फ म्हणजे पावाचा चुरा. माशांच्या पोटाचं काय होत असेल ते वेगळंच.

लेन्स वाइडच ठेवा. सपाट काचेतून पाण्यात बघताना सगळं साधारण तिसऱ्या हिश्श्याने मोठं दिसतं, म्हणजे चौकट आपोआप अरुंद होते. त्यावर लिनिअर, म्हणजे वाकलेल्या कडा सरळ करणारा मोड, लावला की आणखी कापली जाते, आणि माणूस मावावा म्हणून तुम्ही मागे सरकता. मागे सरकलात की परत झाकण काळं.

वेळ सकाळी दहा ते दुपारी एक, सूर्य पाठीशी, शक्य असेल तर भरतीचं पाणी. हे तिन्ही जुळलं तर माझा सहा वर्षं जुना कॅमेराही तुमच्या पन्नास हजारांना भारी पडतो. आणि कॅमेरा आरती ओवाळल्यासारखा फिरवायचा नाही. एक गोष्ट धरा, दहा सेकंद धरा, मग पुढची.

काचेवर वाफ धरते, त्याचंही विचारता. होडीवरच्या दमट हवेत कॅमेऱ्याची पाणी न शिरणारी केस बंद केली की ती हवा आत अडकते, खाली पाणी गार, कॅमेरा गरम, झालं दव. केस सकाळी एसीच्या खोलीत बंद करून आणा, आत सिलिका जेलची पुडी टाका. बंद करण्याआधी रबराची रिंग उजेडात धरून बोटाने चाचपा. माझा एक कॅमेरा एका केसाने गेला. डोक्यावरच्या, माझ्याच. रिंगवर आडवा पडला होता, सहा मीटरवर केसच्या कोपऱ्यात चमचाभर पाणी डुलताना दिसलं, तेव्हा उशीर झाला होता. पाण्यात टचस्क्रीन चालत नाही, तेव्हा सगळं वरच लावून या आणि खाली फक्त बटण दाबा. दाबलंत की लाल दिवा बघा. बीप ऐकू न आल्याने दोनदा दाबणारे खूप. त्यांच्याकडे पूर्ण डाइव्हभर काही नसतं, आणि होडीच्या फळ्यांचा वीस मिनिटांचा व्हिडिओ असतो.

पहिल्यांदाच उतरणार असाल तर कॅमेरा तुमच्या हातात देणार नाही. कान मोकळे करायचे, श्वास रोखायचा नाही, एवढंच तुमचं काम. शूटिंग मी करतो.

रंग घरी सुधारायचे असतील तर दा विंची रिझॉल्व्ह हे व्हिडिओचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. त्यात लाल चॅनलमध्ये थोडा हिरवा उसना घालता येतो, मग दाणे कमी दिसतात. चेहरा माणसासारखा दिसायला लागला की थांबा. मागचं पाणी निळं करायला गेलात तर चेहरा परत बिघडतो. त्या गृहस्थांच्या मुलीची क्लिप मी अशीच करून दिली. मुलगी गव्हाळ, पाणी हिरवं. ते म्हणाले, "पाणी राहिलं की!" तांडेल हसले.

एक सवय मात्र आजपासून लावून घ्या. प्रत्येक खोलीवर पोचलात की शूटिंग सुरू करून आधी स्वतःचा तळहात दाखवा, हातभर अंतरावर, उन्हाकडे वळवून. पांढरी पाटी असेल तर उत्तमच. घरी बसल्यावर तुमच्या तळहाताचा खरा रंग तुमच्यासमोर असतो, त्यावरून बाकीचं जुळवता येतं. तीन सेकंद पुरे. आणि त्या तीन सेकंदांत बोटं हलवून टाटा करू नका. खाली 'टाटा'सारखा हात हलवला की मी काहीतरी बिघडलंय असं समजून पोहत येतो.