गंधराज आणि मूठभर युरिया

आज इंदूरच्या एका नर्सरीत एक काकू गंधराजाची पिवळी फांदी घेऊन आल्या होत्या. माळ्याने न बघताच सांगितलं, "आंटीजी, मुट्ठीभर यूरिया डाल दो."

तेच डोक्यात राहिलं. कारण फांदीवर शेंड्याची कोवळी पानं पिवळी होती आणि शिरा मात्र हिरव्यागार. युरिया म्हणजे नत्राचं खत, आणि नत्र कमी पडलं तर आधी खालची जुनी पानं पिवळी पडतात. इथे कमतरता लोहाची होती, तिला युरिया काय करणार?

माळव्याच्या काळ्या मातीत लोह असतं, पण चुन्यामुळे माती अल्कधर्मी, आणि ते मुळांना उचलता येत नाही. त्यात बोअरचं जड पाणी! गंधराज, एक्झोरा यांना आम्लधर्मी माती लागते. तात्पुरता उपाय म्हणजे लिटरभर पाण्यात ५ ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट, म्हणजे लोहाचा क्षार) आणि १ ग्रॅम सायट्रिक अ‍ॅसिड, संध्याकाळी पानांवर फवारायचं. पण हौस असेल तर ही झाडं कुंडीतच बरी.

आणखी एक चूक सर्रास दिसते: काळ्या मातीत खड्डा करून त्यात नुसतं कोकोपीट आणि खत भरणं. पावसाळ्यात भोवतीची माती फुगते, खड्ड्याची बादली होते, मुळं कुजतात. त्यापेक्षा खणलेल्याच मातीत एक तृतीयांश शेणखत मिसळा आणि वाफा जमिनीपासून ९ इंच उंच करा.

कण्हेर, तगर, पारिजातक, बोगनवेल इथे फारसे लाड न मागता वाढतात. तुमच्याकडे कोणतं झाड असं रुसून बसलंय?