दिल्ली-मद्रास लाइनीवरचं टेनिस

पुण्याहून नागपूरला महाराष्ट्र एक्सप्रेसनं जाऊ नकोस, असं घरात सगळ्यांचं म्हणणं. दौंड, नगर, मनमाड असा वळसा घेत ती जाते. पण मला खिडकी हवी होती, आणि लग्नघरी लवकर पोचून आपण करणार तरी काय? अकोल्यापुढे शेतात फुटलेला कापूस, डब्यात संत्री सोलल्याचा वास, असा प्रवास झाला. नागपूरला उतरवून घ्यायला बायकोचे मामा आले होते. उभी नोकरी रेल्वेत, आता अजनीला राहतात. पहिलंच वाक्य: "जावईबापू, पुण्याचे विमानं बंद पडले काय?"

मामांना टेनिसचं वेड. क्रिकेटवर ते बोलत नाहीत असं नाही, पण जामठ्याच्या स्टेडियमचा विषय दोन वाक्यांत संपतो आणि बॅकहँडचा संपत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी लग्नघरातून पळ काढून आम्ही कस्तुरचंद पार्कजवळ तर्री पोहे खाल्ले (तर्री दुसऱ्यांदा मागू नये, नाक गळतं), आणि तिथून ते मला डायमंड क्रॉसिंग दाखवायला घेऊन गेले. दिल्ली-चेन्नई आणि मुंबई-हावडा हे दोन मार्ग इथे एकमेकांना छेदतात. बघायला गेलं तर नुसते रूळ. मामांना मात्र तिथे हात करून बोलायला आवडतं.

"हे पहा, ह्याच लाइनीनं गेली ना ती स्पर्धा. दिल्लीहून मद्रासला. अन् नागपूरला थांबलीबी नाही!"

ती स्पर्धा म्हणजे भारतातली पुरुषांची एटीपी स्पर्धा (एटीपी म्हणजे पुरुषांचं व्यावसायिक टेनिस चालवणारी जागतिक संघटना). १९९६ मध्ये ती दिल्लीत सुरू झाली आणि पहिलं विजेतेपद स्वीडनच्या थॉमस एन्क्विस्टनं घेतलं. पुढच्याच वर्षी ती चेन्नईला गेली आणि २०१७ पर्यंत नुंगमबाक्कमच्या स्टेडियममध्ये राहिली. एटीपीच्या मुख्य स्पर्धांच्या उतरंडीत ती सगळ्यात खालच्या पायरीवर. आजच्या हिशेबात विजेत्याला २५० गुण. पण पुढे तिच्याकडे एक गोष्ट आली: तारीख. जानेवारीचा पहिला आठवडा, म्हणजे ऑस्ट्रेलियन ओपनच्या तोंडावर. मेलबर्नला जाण्याआधी हात मोकळा करायला मोठी माणसं यायची. त्याआधी, स्पर्धा एप्रिलमध्ये व्हायची तेव्हाही, १९९८ मध्ये जिंकलेला पॅट राफ्टर यूएस ओपनचा विजेता होता. वावरिंका चार वेळा जिंकला. त्यातल्या २०१४ च्या विजयानंतर तो थेट मेलबर्नला गेला आणि तिथलंही विजेतेपद घेऊन आला. दुहेरीत पेस आणि भूपती यांनी १९९७ पासून सलग तीन वर्षं बाजी मारली.

मामांकडे रेल्वेचा पास होता आणि दिल्लीहून येणारी तामिळनाडू एक्सप्रेस नागपूरला थांबते. बल्लारशा, विजयवाडा करत एक रात्र काढली की चेन्नई. बायकोला सांगायचं, तिरुपतीला चाललो. (मामी हे ऐकत होत्या आणि त्यांना ते केव्हापासूनच माहीत होतं.)

२००८ ची उपांत्य फेरी ते अशी सांगतात की ऐकणाऱ्यालाच घाम फुटावा. नदाल विरुद्ध मोया. दोघेही मायोर्का बेटावरचे, जुने दोस्त. तिन्ही सेट टायब्रेकला गेले, म्हणजे ६-६ वर अडकून जादा गेमवर सुटले. पहिला मोयाचा, पुढचे दोन नदालचे. तीनच सेट, पण पावणेचार तासांच्या वर सामना चालला. "तो मॅचपॉइंट वाचवून राहिला, आम्ही खुर्चीवर उभे राहून राहिलो." दुसऱ्या दिवशी अंतिम सामन्यात नदालचे पाय उचलत नव्हते. मिखाईल युझनीनं ६-०, ६-१ असा निकाल लावला. मामांना ह्या दुसऱ्या दिवसाचं पैसे फिटल्याचं समाधान नाही, अजूनही.

मोयाबद्दल मात्र ते हळवे होतात. २००५ ची स्पर्धा त्सुनामीनंतर जेमतेम आठवड्याभरात भरली होती. मोया जिंकला आणि बक्षिसाची रक्कम त्यानं त्सुनामीग्रस्तांना दिली. २००९ मध्ये ह्याच मोयाला आपल्या सोमदेव देववर्मननं हरवलं. वाइल्ड कार्डवर, म्हणजे आयोजकांनी दिलेल्या खास प्रवेशावर आलेला पोरगा पुढे कार्लोविचलाही हरवून अंतिम फेरीत पोचला आणि तिथे चिलिचकडून हरला. माझ्या मते त्या स्पर्धेचा भारतीय टेनिसला झालेला सगळ्यात मोठा फायदा म्हणजे तो आठवडा.

२०१८ मध्ये स्पर्धा चेन्नईहून पुण्याला आली, बालेवाडीत. मी तर पुणेकर, मला काय, घरची गंगा. मामांना वाटलं, आपल्या राज्यात आली, आता बरं झालं. मग त्यांनी हिशेब मांडला. नागपूरहून चेन्नई रेल्वेनं सुमारे ११०० किलोमीटर आणि पुणे सुमारे ९००. एक रात्र इकडेही जाते, एक रात्र तिकडेही. "विदर्भाच्या वाट्याला काय आलं मग? दोनशे किलोमीटर!"

तरी ते २०१९ चा अंतिम सामना बघायला आले होते. केविन अँडरसन आणि चाळिशीला टेकलेला कार्लोविच, दोघेही दोन मीटरच्या वरचे. पुन्हा तीन टायब्रेक, अँडरसन ७-६, ६-७, ७-६ असा जिंकला. मला तो थरार वाटला. मामांचं मत: "हे टेनिस नाही, दिवाळीचे सुतळी बॉम्ब." रॅली शोधून सापडत नव्हत्या हे खरंच.

पुढे तारीखही हलली. जानेवारीत सुरू झालेल्या एटीपी कप ह्या सांघिक स्पर्धेमुळे २०२० मध्ये स्पर्धा फेब्रुवारीत ढकलली गेली, २०२१ कोरोनात गेलं, २०२२ ही फेब्रुवारीतच. २०२३ मध्ये जानेवारी परत मिळाला, ग्रीकस्पूर जिंकला, आणि २०२४ पासून तो आठवडा हाँगकाँगला गेला. अशा स्पर्धेत गाव महत्त्वाचं नसतंच. कॅलेंडरवरची जागा ज्यांच्या ताब्यात, ते ती परवडेल तिथे मांडतात. चेन्नईनं वीस वर्षं गर्दी केली म्हणून काही ती तिथे राहिली नाही.

संध्याकाळी रामनगरच्या टेनिस कोर्टांवर गेलो. नागपूरनं बुद्धिबळाला दिव्या देशमुख दिली, बॅडमिंटनला मालविका बनसोड. इथल्या एखाद्या पोराचं नाव टेनिसमध्ये कधी येईल, हा मामांचा नेहमीचा विषय. त्यावर मी त्यांना व्हाशेरोची गोष्ट सांगितली. एटीपी स्पर्धा गेल्यावर बालेवाडीत चॅलेंजर, म्हणजे एक पायरी खालची स्पर्धा आली, विजेत्याला १०० गुणांची. २०२४ मध्ये ती मोनॅकोच्या व्हॅलेंटिन व्हाशेरोनं जिंकली. ऑक्टोबर २०२५ मध्ये हाच माणूस क्रमवारीत २०४ वा असताना शांघाय मास्टर्स ह्या बड्या स्पर्धेच्या पात्रता फेरीतून आत शिरला, उपांत्य फेरीत जोकोविचला हरवलं, अंतिम फेरीत स्वतःच्या मावसभावाला, रिंडरक्नेशला, आणि विजेतेपद घेऊन गेला.

मामा थोडा वेळ गप्प. मग म्हणाले, "अन् तो बालेवाडीत खेळून राहिला तेव्हा तुम्ही कुठं होते?"

"ऑफिसात."

"हां."

आता बालेवाडीच्या चॅलेंजरसाठी फेब्रुवारीचं त्यांचं आरक्षण मला करायचं आहे. अंतिम सामन्याच्या दिवसाचं नको, असं बजावलंय. पात्रता फेरीचं पाहिजे. सकाळपासून संध्याकाळपर्यंत चार-पाच कोर्टांवर सामने चालू असतात, आणि कुंपणाला टेकून उभं राहता येतं.